कॉस्टिकच्या कोरड्या गोळ्या

१

बारा वाजून दहा मिनिटांनी आतल्या खोलीचे दार उघडले गेले, तेव्हा त्यावर ‘वजन चालू आहे’ ही पाटी लटकत होती.

साबणाच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही पाटी असताना दार उघडणे म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. आत रासायनिक काटा, म्हणजे अतिशय नाजूक तराजू, होता. दार उघडले की हवा हलते, हवा हलली की काटा हलतो, आणि काटा हलला की ज्येष्ठ विश्लेषक दिवसभर कोणाशी बोलत नसत. त्यांना सगळे तराजूकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यांची त्याला हरकत नव्हती.

दार उघडले ते धाकट्या केमिस्टने. काकांच्या घरून तिसऱ्यांदा फोन आला होता आणि काकूंना आणखी थोपवून धरणे त्याला जमत नव्हते. त्याने पाऊल आत टाकले आणि ते सटकले. जमिनीवर पांढऱ्या गोळ्या विखुरल्या होत्या. बूट त्यांच्यावरून गडगडत गेला आणि दाराची मूठ हातात होती म्हणूनच तो पडला नाही.

तराजूकाका फडताळाच्या पायथ्याशी उताणे पडले होते. डोक्याखाली रक्त होते. शेजारी ॲल्युमिनियमची शिडी आडवी झाली होती. जुन्या नमुन्यांचे खोके फुटून त्यातल्या डब्या इतस्ततः गेल्या होत्या आणि तपकिरी काचेच्या मोठ्या बाटलीचे तुकडे त्यांच्या खांद्याभोवती पसरले होते. कोटावर, बाहीवर, उघड्या पंजावर त्याच पांढऱ्या गोळ्या. धाकट्या केमिस्टने मनगट धरून पाहिले. नाडी चालू होती.

ती सायंकाळी सव्वापाचपर्यंत चालू राहिली. शुद्ध आली नाही.

व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी दीड पानी अहवाल लिहिला. अकराच्या सुमारास तराजूकाका वरच्या फळीवरचे खोके काढायला शिडीवर चढले. त्या फळीवर ठेवलेली कॉस्टिक सोड्याची काचेची बाटली निसटून त्यांच्या डोक्यात बसली आणि ते खाली कोसळले. दाहक पदार्थ सर्वांत खालच्या फळीवर ठेवावेत असा नियम आहे. भांडार ज्यांच्या ताब्यात होते त्या बाईंनी तो पाळला नाही.

या बाईंना कारखान्यात सगळे मावशी म्हणत. त्यांना त्याच संध्याकाळी निलंबित करण्यात आले. निवृत्तीला पाच महिने उरले होते. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचे सिद्ध झाले असते तर निवृत्तिवेतन गेले असते आणि मागे पोलीस लागले असते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारच्या सुरक्षा विभागाकडून तपासनीस आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पूर्वी रसायनशास्त्र शिकवीत असत. त्यांची एक सवय लोकांना खटके: समोरचा बोलायचा थांबला तरी त्या लगेच बोलत नसत. त्यामुळे समोरच्याला आणखी काहीतरी बोलावेसे वाटे, आणि बहुधा तेच उपयोगी पडे.

व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतीवर त्यांचे पदवीचे प्रमाणपत्र होते. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे. त्याखाली उत्तम व्यवस्थापनाची सात प्रशस्तिपत्रे होती. ती सगळी अलीकडची.

“माझ्यावर दुहेरी प्रसंग आहे, मॅडम,” व्यवस्थापक म्हणाले. “कारखान्याचा जुना माणूस गेला. आणि तो माझा मेहुणा होता. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ.”

“अकराची वेळ कशी ठरवलीत?”

“ठरवायची कशाला, आम्ही ऐकलाच की आवाज. पावणेअकरा ते अकरा-चाळीस मासिक बैठक होती, बरोबर त्या आतल्या खोलीच्या वरच्या मजल्यावर. सगळे विभागप्रमुख होते. तराजूकाका तेवढे आले नव्हते, बैठका म्हणजे वेळ उडून जाण्याचा प्रकार असं त्यांचं मत. मध्येच खालून धाडकन आवाज आला. मी म्हणालोसुद्धा, की मेहुण्यांचं वजन वाढलं वाटतं. सगळे हसले. आता आठवलं की कसंतरी होतं.”

“कोणी उठलं नाही?”

“पाटी होती ना मॅडम. पाटी असली की आत कोणी जात नाही. आणि ते रोज काही ना काही पाडायचेच.”

तपासनीस आतली खोली पाहायला गेल्या. निम्म्या खोलीत भांडार आणि निम्म्या खोलीत काटा, ही मांडणी कोणत्याही पाठ्यपुस्तकाला मान्य होण्यासारखी नव्हती. पण पाठ्यपुस्तकांना जागेचे भाडे पडत नाही. दारे दोन होती. एक प्रयोगशाळेत उघडत होते, दुसरे मागच्या बाजूला, माल आत आणण्याच्या बोळात. मागच्या दाराच्या किल्ल्या दोनच: एक मावशींकडे, एक व्यवस्थापकांकडे. काल दार उघडले तेव्हा हे मागचे दार बंद होते आणि त्याला कुलूप होते.

जमिनीवर गोळ्या उरल्या नव्हत्या. काचेच्या तुकड्यांमध्ये बुळबुळीत पाण्याची थारोळी साचली होती.

“हे पाहा,” व्यवस्थापक त्रासून म्हणाले. “काहीही हलवू नका म्हणून बजावलं होतं. पहारेकऱ्याने पाणी सांडलेलं दिसतंय. विचारतो त्याला.”

तपासनिसांनी त्यांच्याकडे पाहिले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिले. मग वहीत एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, “पहारेकऱ्याला काही विचारू नका.”

३

मावशींचे घर दोन खोल्यांचे होते. दार सुनेने उघडले आणि ती दारातच उभी राहिली.

“आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत एक बूच उलटं लावलेलं नाही,” ती म्हणाली. “घरातसुद्धा मिठाच्या बरणीवर नाव आणि तारीख असते. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, माझ्यावरही चिकटवतात की काय.”

“अगं, त्यांना आत तरी येऊ दे,” आतून आवाज आला.

मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. रडून झाले होते आणि चेहरा धुऊन झाला होता.

“अकरा वाजता मी माझ्या टेबलाशी होते,” त्या म्हणाल्या. “दाराच्या अलीकडेच. प्रयोगशाळेत तेव्हा मी एकटीच. आवाज आला. आधी काहीतरी तडकल्यासारखा, मग धप्पकन.”

“काचेचा?”

“नाही हो. काच फुटलेली मला झोपेतसुद्धा कळते. हा बोदा होता.”

“तुमच्याशिवाय हे कोणी सांगत नाही. वरच्या मजल्यावर नुसतं ‘धाडकन’ ऐकू गेलंय.”

“मग माझं लिहू नका.”

“लिहिते. पण त्यावर भिस्त ठेवत नाही,” तपासनीस म्हणाल्या. “नंतर?”

“पावणेबाराला जेवायला गेले. भांडी धुणाऱ्या दोघी होत्या बरोबर. बारा-दहाला परत येतोय तोच हा पोरगा ओरडत बाहेर आला. मला आत जाऊ दिलं नाही कोणी. लगेच साहेब आले, म्हणाले, मावशी, तुम्ही लांबच राहा.”

“मागच्या दाराची किल्ली?”

मावशींनी कमरेचा जुडगा दाखवला. “ही झोपतानाही असते.”

“बाजूला काढली तर घाबऱ्या होतात,” सून म्हणाली. तिने चहा आणून ठेवला, पण आत गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

“कॉस्टिकची बाटली वरच्या फळीवर होती?”

“कॉस्टिक माझ्याकडे बाटलीत नसतंच मुळी. प्लास्टिकच्या बरणीत येतं आणि त्यातच राहतं, खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. काचेच्या बुचाच्या बाटलीत कॉस्टिक कोण ठेवील? ते काच खातं, आणि बूच असं बसतं की मग बाटलीच फोडावी लागते. पहिल्या महिन्यात शिकवतात हे. तराजूकाकांनीच शिकवलं होतं मला.”

“फुटलेल्या तुकड्यांमध्ये काचेचं बूच होतं. घासून बसवलेलं.”

“मग ती माझ्या रिकाम्या बाटल्यांतली. वरच्या फळीवर सहा धुऊन ठेवल्यात. मोजा, पाच भरतील.”

तपासनिसांनी लिहिले. मग सहज विचारावे तसे विचारले, “ॲल्युमिनियमची शिडी किती वर्षांची आहे?”

मावशींनी त्यांच्याकडे आणि मग सुनेकडे पाहिले, जणू पाहुणीला बरे नसावे.

“कसली?”

“ते ज्या शिडीवरून पडले, ती.”

“मॅडम, माझ्या खोलीत ॲल्युमिनियमचा चमचासुद्धा नाही. कॉस्टिकचं ओलं बोट लागलं तरी ॲल्युमिनियम फसफसतं. आमची शिडी लाकडी आहे. सात पायऱ्यांची.”

तपासनिसांनी पेन खाली ठेवले. लाकडी शिडी त्या खोलीत कुठेच नव्हती.

४

“माझं आणि काकांचं पटायचं नाही, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल,” धाकटा केमिस्ट म्हणाला. “नसेल तर मीच सांगतो. परवा त्यांनी सगळ्यांसमोर माझी वही फाडली. आकडा आधी आणि वजन नंतर, असं म्हणाले. म्हणजे मी उत्तर ठरवून मग मोजतो.”

“खरं होतं?”

“त्या दिवशी होतं.”

या उत्तराने तो तपासनिसांच्या मनातल्या संशयितांच्या यादीत जरा खाली सरकला. पूर्णपणे नाही, कारण प्रांजळपणा हाही पुरावा नव्हे. बैठकीत त्याला कागद वाटायला बसवले होते. तिथून सुटल्यावर तो प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा लावून अकरा-चाळीसपासून बारा-दहापर्यंत ब्युरेटच्या मापनळीसमोर उभा होता. खिडकीपलीकडे साबणाच्या कढईवरचे दोन कामगार त्याच्याच आकड्यांची वाट पाहत उभे होते, आणि वाट पाहणारा माणूस नजर हटवत नाही.

“तुम्ही आत पाऊल टाकलंत. पुन्हा करून दाखवा.”

त्याने दाखवले. “असा सटकलो. मण्यांवरून सटकावं तसा.”

“जमीन ओली होती? चिकट?”

“छे. चिकट असती तर बूट रुतला असता. खडखडत गेल्या गोळ्या. एक तर त्या कोपऱ्यापर्यंत गेली.”

“आणि त्यांना उचललंत तेव्हा अंगाखाली?”

“रक्त होतं, डब्या होत्या, लाकडाचा एक ढलपा होता, तो मी बाजूला केला. गोळी मात्र एकही नव्हती. वर होत्या. कोटावर कितीतरी होत्या.”

“बाटली आधी पडली आणि तिच्यामुळे माणूस पडला, तर गोळ्या कुठे असायला हव्यात?”

“खाली,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा गंभीर झाला. “निदान काही तरी.”

तपासनिसांनी खालच्या फळीवरची प्लास्टिकची बरणी काढली. झाकण तिरके बसले होते आणि बरणी निम्मी रिकामी होती. वरच्या फळीवरच्या धुतलेल्या बाटल्या पाच भरल्या.

त्यांनी वरचा गोठलेला थर चिमट्याने फोडला आणि तळच्या वीस कोरड्या गोळ्या स्वच्छ फरशीवर ओळीने मांडल्या. काट्याशेजारी आर्द्रतामापक टांगलेला होता. त्याखालच्या तक्त्यावर रोज साडेनऊची नोंद असे. शेवटची नोंद तराजूकाकांच्या हातची होती: काल, एक्याऐंशी टक्के. आता मापकाचा काटा ऐंशीवर होता.

“बसा,” तपासनीस म्हणाल्या. “सत्तर मिनिटं आहेत.”

“काय पाहायचंय?”

“सोडियमला एकटं राहता येत नाही. कॉस्टिक सोडा हे त्याचं अपत्यही तसंच. पाणी दिसलं नाही तर ते हवेतून ओढून घेतं. हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेलच.”

“लिहिलंय. दोन मार्कांना होतं.”

“आज पाहून घ्या.”

पाचव्या मिनिटाला गोळ्यांवर चकाकी आली. पंधराव्या मिनिटाला धाकट्या केमिस्टने काचेच्या कांडीने एक गोळी ढकलली. ती गडगडली नाही, फरशीला धरून बसली. तिसाव्या मिनिटाला प्रत्येक गोळीभोवती ओले कडे होते. सत्तर मिनिटे झाली तेव्हा कडी एकमेकांत मिसळली होती आणि गोळ्या झिजून त्या पाण्यात बसल्या होत्या. त्याने बुटाचे टोक टेकवून पाहिले. घसरायला तिथे काही नव्हते; तळवा मात्र बुळबुळीत होऊन वर आला.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “अकराला बाटली फुटली असती तर मी गडगडणाऱ्या गोळीवरून सटकलोच नसतो.”

“नाही.”

“मग ती फुटली कधी?”

“तुम्ही आत येण्याच्या आधी, दहा मिनिटांच्या आत. आणि तेव्हा काका तासभर जमिनीवर पडलेले होते.”

५

तराजूकाकांच्या घरी बसायला जागा नव्हती, इतकी माणसे होती. पण काकूंनी तपासनिसांना आतल्या खोलीत नेले आणि दार लोटले.

“ते कुठल्याही कागदाची नक्कल ठेवायचे,” त्या म्हणाल्या. “मूळ कागद ऑफिसचा, नक्कल आपली, असं म्हणायचे. मी हसायचे. किराण्याच्या यादीची नक्कल कोण ठेवतं?”

त्यांनी कपाटातून कार्बनच्या निळ्या अक्षरांतली तीन पत्रे काढली. तिन्ही व्यवस्थापकांच्या नावे होती, सात महिन्यांतली. विषय एकच: भांडारातील लाकडी शिडी, खालून चौथी पायरी, उभी चीर. पहिल्या पत्रात चिरेची लांबी चार सेंटिमीटर होती, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात साडेनऊ. प्रत्येकाखाली आलेले उत्तर काकांनी पेन्सिलीने उतरवून ठेवले होते. ‘सध्या निकड नाही.’ ‘पुढील तिमाहीत पाहू.’ तिसऱ्याखाली: ‘मेहुणे, तुम्ही कमी चढत जा.’

“हे शेवटचं त्यांनी मला वाचून दाखवलं होतं,” काकू म्हणाल्या. “म्हणाले, बघ, तुझ्या नणंदेच्या यजमानांना विनोद सुचायला लागलेत. आम्ही दोघं हसलो.”

“कारखान्यातल्या फायलीत ही पत्रं नाहीत. तो विषयच फायलीत नाही.”

काकूंनी पत्रांवरून हात फिरवला. “काल रात्री ते दोघं इथेच होते. नणंद माझ्या गळ्यात पडून रडत होती. तेही रडले. मावशींना शिक्षा झाल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, असं म्हणाले मला.” त्यांनी वर पाहिले. “मला नणंद एकच आहे, हो. हे तुम्ही लिहिलंत की तीही जाणार.”

तपासनीस थांबल्या. काकू मात्र आणखी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिन्ही पत्रे घडी करून तपासनिसांच्या हातात दिली.

६

लाकडी शिडी त्याच दुपारी सापडली: बोळाच्या टोकाला, मोडक्या खोक्यांच्या ढिगाखाली. चौथी पायरी मधोमध तुटली होती आणि तिचा एक ढलपा कमी होता. धाकट्या केमिस्टने बाजूला केलेला ढलपा तिथे तंतोतंत बसला.

“बसा ना,” आपल्या खोलीत व्यवस्थापक म्हणाले.

तपासनीस उभ्याच राहिल्या. “मी सांगते, चूक असेल तिथे थांबवा. अकरा वाजता शिडीची पायरी तुटली आणि तराजूकाका खोक्यासकट पडले. बैठकीत तुम्ही सगळ्यांनी जो आवाज ऐकलात तो हाच. बाटलीशी त्याचा संबंध नाही. पाटी होती म्हणून कोणी दार उघडलं नाही. प्रयोगशाळेतला माणूस ते उघडणारही नव्हता. पण पाटी पुढच्या दारावर असते. मागच्या दारावर ती नाही.”

व्यवस्थापकांनी टेबलावरचा पेपरवेट एक इंच डावीकडे सरकवला.

“अकरा-चाळीसला बैठक संपली. तुम्ही बोळातून मागच्या दाराने आत गेलात. का, ते मला माहीत नाही.”

“बैठकीला का आला नाहीस, ते विचारायला,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

“आत मेहुणे पडलेले आणि शेजारी ती शिडी. तीन पत्रं तुम्हाला आठवली असणार. मग शिडी बाहेर नेलीत आणि वरच्या दप्तरखोलीतली ॲल्युमिनियमची आणून ठेवलीत. त्या खोलीची किल्लीही तुमच्याचकडे असते. नुसत्या शिडीने भागत नव्हतं, पडायला कारण हवं होतं, आणि कारण दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यातलं हवं होतं. प्लास्टिकची बरणी फुटत नाही. म्हणून धुतलेली काचेची बाटली घेतलीत, तिच्यात कॉस्टिक ओतलंत आणि ती काकांच्या खांद्याशी फोडलीत. माणसं जेवायला गेली होती. पुढच्या खोलीत एकटा धाकटा केमिस्ट होता, आणि धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत त्याला काच फुटलेली ऐकू गेली नाही. मागचं दार ओढून घेतलंत.”

“दुसरी किल्ली मावशींकडे आहे.”

“अकराला मावशी एकट्या होत्या. तुमच्या अहवालाला तेच सोयीचं होतं. पण बाटली बाराच्या पुढे फुटली, आणि पावणेबारा ते बारा-दहा त्या दोघींसमोर जेवत होत्या, किल्ली कमरेला. वेळ बदलली की संशयितही बदलतो.”

“बाराच्या पुढे हे कशावरून?”

“गोळ्या कोरड्या होत्या.”

त्यांना समजले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर न समजल्याचा भाव इतका निर्मळ होता की तपासनिसांची नजर क्षणभर त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या पदवीकडे गेली.

“कॉस्टिक उघड्यावर ठेवलं की हवेतलं पाणी ओढून पाझरतं. आज सकाळी थारोळं पाहून तुम्ही म्हणालात, पहारेकऱ्याने पाणी सांडलं. या कारखान्यातल्या भांडी धुणाऱ्या बाईलाही असं वाटलं नसतं. कॉस्टिकची बरणी उघडून वर्षं झालेला रसायनशास्त्रज्ञ इथे एकच आहे.”

त्यांनी मागे वळून त्या प्रमाणपत्राकडे पाहिले.

“तो गेलाच होता,” शेवटी ते म्हणाले. “मला वाटलं, गेलाच. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार.”

“नाडी पाहिलीत?”

पेपरवेट पुन्हा उजवीकडे सरकला.

“पंजाच्या कातडीवर गोळ्यांचे डाग आहेत. डॉक्टर म्हणतात, वरवरचे, थोड्या मिनिटांचे. सत्तर मिनिटांचे असते तर मांस दिसलं असतं. आणि ते जिवंत कातडीवरचे आहेत.”

व्यवस्थापकांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. “मी लगेच हाक मारली असती,” ते म्हणाले, “तर वाचला असता का?”

“माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही.”

“तुमचा अंदाज?”

“मला जे माहीत नाही ते मी लिहीत नाही,” तपासनीस म्हणाल्या. “तुम्ही वीस मिनिटं काय केलंत, एवढंच लिहिणार आहे. ते पुरेसं आहे.”

७

नवव्या दिवशी मावशींचे निलंबन रद्द झाले. पत्र टपालाने आले असते. तपासनीस ते स्वतः घेऊन गेल्या. त्यांच्या शिस्तीत हे बसत नव्हते आणि त्यांनी त्याचे कारण कोणाला दिले नाही.

सुनेने पत्र आधी स्वतः वाचले, मग मोठ्याने वाचले, मग पुन्हा एकदा शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचले. “निष्काळजीपणाचा कोणताही पुरावा नाही. ऐकलंत ना सासूबाई? कोणताही.”

“ऐकलं गं. मी काय बहिरी आहे?”

“आज मी गोड करते काहीतरी,” सून म्हणाली आणि आत गेली.

मावशींनी पत्र हातात घेतले, पण वाचले नाही.

“एक विचारू, मॅडम?”

“विचारा.”

“तडकल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही लिहून घेतलंत तो. मी तीन पावलांवर होते. आत कोणीतरी पडलंय हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पाटी होती आणि सकाळीच ते माझ्यावर खेकसले होते. म्हटलं, उठतील, नाहीतर ओरडतील.” त्यांनी पत्राची कडा नखाने सरळ केली. “अकराला मी दार उघडलं असतं तर?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. तपासनीस गप्प राहिल्या. पण या खेपेला त्या समोरच्याच्या बोलण्याची वाट पाहत नव्हत्या.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली. जरा वेळाने म्हणाल्या, “एवढं एक खोटं बोलला असतात तर काय झालं असतं?”

“मग हा कागद दाखवून बाकीचं खरं आहे असं मला म्हणता आलं नसतं.”

मावशींनी पत्राच्या दोन घड्या केल्या, ते ब्लाउजमध्ये ठेवले आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला त्या कामावर होत्या.